स्थलांतरित दैवते

मुरगाव बंदराच्या धक्क्याला सकाळी लागून सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा समुद्रात निघून जाणारे भव्य प्रवासी जहाज आपल्या उतारूंना गोमंतकाच्या भूमीवर अवघा एक दिवस देते. आणि तेवढ्या अवधीत जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे मंदिर, फोंडा महालातील श्रीमंगेशाचे देवालय आणि वाटेवरचे एखादे पोफळीचे कुळागर एवढे पाहून झाले, म्हणजे दोन धर्मांची दोन प्राचीन व अचल पीठे आपण पाहिली, असे समाधान मानून तो प्रवासी परततो. हे समाधान जरा तपासून पाहण्याजोगे आहे. कारण या दोन्ही ठिकाणची पूज्य वस्तू मूळची तेथील नाही.

संत फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगछुआन बेटावर निवर्तले. त्यांचा देह तेथून मलाक्केस आणि मलाक्केहून 1554 साली गोव्यास आणण्यात आला. आज बॉम जेझूच्या ज्या मंदिरात तो आहे, त्याच्या बांधकामास त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी आरंभ झाला. आणि तो देह ठेवलेल्या चांदीच्या पेटीखालचे संगमरवरी शिल्पकाम तर टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या देणगीतून, फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराच्या हातून घडलेले आहे. इकडे मंगेशाचे मूळ स्थान जुवारी नदीच्या दक्षिण तीरावरील कुठ्ठाळी. 1543 साली, कुठ्ठाळी ज्यात मोडत असे ती साष्टी पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेली, देवळांवर संकट आले, आणि 1560 च्या सुमारास भाविकांनी लिंग नदीपार, आदिलशाही मुलखातील, म्हणजे आजच्या फोंडा महालातील, प्रियोळास नेऊन ठेवले. हिंदूंच्या देवाला विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या हद्दीत आसरा मिळाला, आणि पुढे 1739 साली पेशव्यांनी तेथील मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिले, हा इतिहासाचा क्रमही मननीय आहे. गंमत अशी की, मुरगावहून जुन्या गोव्यास निघालेल्या प्रवाशाची मोटार याच कुठ्ठाळीवरून जाते; तेथे ती थांबविण्याचे कारण मात्र कोणास दिसत नाही.

देव स्थानाहून हलविला जातो, तेव्हा त्याचे देवत्व कोठे राहते? वेदान्ती म्हणेल की, जे सर्वव्यापी आहे त्याचे जाणेयेणेच संभवत नाही. हलते ती केवळ शिळा. हे उत्तर निर्दोष असले तरी अपुरे आहे. कारण तेवढेच सत्य असते, तर कुठ्ठाळीच्या महाजनांनी शिळा मागे टाकून केवळ ध्यान बरोबर नेले असते आणि जिवावरचा धोका टाळला असता. याच्या उलट, देवत्व मातीतच असते असे मानावे, तर प्रियोळच्या गाभाऱ्यात आज नित्यपूजा कशाची चालते, याचा उलगडा होत नाही. मिळकतीच्या दस्तऐवजात स्थावर आणि जंगम असे दोन रकाने असतात; दैवत यांपैकी कोणत्याही रकान्यात दाखल करता येत नाही. मला असे वाटते की, ते वसते अंगावर घेतलेल्या जबाबदारीत: उद्याची पूजा चुकणार नाही, अशी हमी माणसांच्या ज्या समुदायाने पिढ्यान्‌पिढ्या दिलेली असते, त्या हमीत.

परंतु एवढ्यावरून दोन्ही स्थलांतरे एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. संताचा देह राजसत्तेच्या सन्मानाने आला. देव त्याच सत्तेच्या भयाने गेला. ज्या इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, मागणी झेवियर यांनी 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून केली होती, ती गोव्यात 1560 सालीच सुरू झाली. आणि तरीही बॉम जेझूमध्ये आज गुडघे टेकणारा गोमंतकीय ख्रिस्ती त्या सत्तेचा वारस ठरत नाही. स्थूलमानाने बोलावयाचे, तर त्या काळी साष्टीतील कुळांपुढे दोनच वाटा होत्या: काहींनी धर्म राखला आणि भूमी सोडली, काहींनी भूमी राखली आणि धर्म सोडला. एकाच गावची माणसे अशी दोन निष्ठांमध्ये विभागली गेली. पहिल्यांना शूर आणि दुसऱ्यांना दुबळे ठरविण्याचा अधिकार, ज्यांच्यावर असा प्रसंग कधी गुदरलाच नाही अशा आपणांस कोठून यावा? भाताचे शेत आणि पूर्वजांची माती सोडवत नाही, हीदेखील एक प्रकारची भक्तीच होय.

मग एका दिवसाच्या प्रवाशाला या भूमीचे दर्शन घडणे अशक्य आहे काय? तसे म्हणवत नाही. वर्षानुवर्षे वारी करणारा भाविकही आपला देव अनादिकाळापासून येथेच आहे असे धरून चालतो, तेव्हा तो त्या प्रवाशाहून फारसा अधिक पाहत नसतो. तीर्थाचे माहात्म्य त्याच्या प्राचीनतेच्या दाखल्यावर अवलंबून नाही. ते तीर्थ कोणी, कशाचा त्याग करून राखले, यावर ते ठरते. हा प्रश्न ज्याने विचारला, त्याला एक दिवसही पुरेसा आहे. ज्याने विचारला नाही, त्याचा मुक्काम जन्मभराचा असला तरी त्याच्या वाट्याला इमारतीच येतील.