बाजार बांधणाऱ्याचा हक्क

ज्याने बाजार बांधला त्याने जागेचे भाडे घ्यावे, यात अधर्म तो कोणता? ॲपल कंपनीने २००८ साली आपल्या फोनसाठी ॲप स्टोअर उघडले. जागा तिची, पहाराही तिचा. विक्रीवर तिने शेकडा तीस मागितले. हे भाडे जड खरे, पण केवळ जड म्हणून ते अन्यायाचे ठरत नाही.

नीतीचा प्रश्न पुढेच आहे. ‘हेच बाहेर स्वस्त मिळते’ एवढेही विक्रेत्याने आपल्या ॲपमध्ये लिहू नये, असा तेथला नियम होता. ‘फोर्टनाइट’ हा खेळ काढणाऱ्या एपिक कंपनीने २०२० साली फिर्याद केली. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २०२१ मध्ये मक्तेदारीचा आरोप मानला नाही; ही मुस्कटदाबी मात्र बेकायदा ठरवली. मग ॲपलने बाहेरची वाट दाखवू दिली, आणि त्या वाटेवरच्या विक्रीवरही शेकडा सत्तावीस मागितले! एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने हा आपल्या हुकुमाचा अवमान मानला.

दिवाळीच्या खरेदीत आपण चार दुकाने हिंडतो, भाव विचारतो, आणि पुष्कळदा सोयीसाठी जवळच्याच दुकानात दोन पैसे जास्त मोजतो. त्याचे दुःख होत नाही, कारण ते आपण जाणून दिलेले असतात. मला वाटते, मालकाचा हक्क येथेच संपतो. भाडे त्याने जागेचे घ्यावे. गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचे घेऊ नये.