किल्ली कोणाकडे असते?

आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलं हेरायची आणि त्यांच्यातून समाजाला पुढे नेणारी माणसं घडवायची, हा त्यांचा ध्यास. १९६९ साली प्रशाला निघाली, पुढे निगडीत नवनगर विद्यालय उभं राहिलं. निगडीच्या आसपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना त्यामुळे ‘नेतृत्वाचं शिक्षण’ हा शब्द माहीत झाला.

आप्पा स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी बुद्धीचे १२० पैलू मांडले होते. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र संस्थेने त्या मांडणीवरून चाचण्या बनवल्या. गिलफर्डच्या मांडणीत दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमताही आहे. माझं अडतं ते इथेच. समोरच्याच्या मनातलं लबाडालाही कळतं, किंबहुना त्याला जरा जास्तच कळतं. कळल्यावर तो काय करतो, हे कुठल्या प्रश्नपत्रिकेत उतरणार? प्रबोधिनीनेही काम चाचणीवर सोडलं नाही. आठवीच्या सुमारास मुलामुलींना जात न पाहता विद्याव्रत संस्कार, म्हणजे अभ्यासाचं व्रत घेण्याचा विधी, दिला, शिबिरं घेतली, मुलांना खेड्यांत नेलं. चारित्र्य सहवासात दिसतं, हे त्यांनी ओळखलं होतं, असं मला वाटतं.

बाकीच्या शाळांत मात्र आपण अजून मॉनिटर निवडतो तो खणखणीत आवाजाचा. गॅदरिंगला सूत्रसंचालन करतो, पाहुण्यांना गुच्छ देतो, तो ‘लीडर’. मी चाकणच्या बाजूला नववी-दहावीला शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं खराबवाडी, महाळुंगे, निघोजे इथल्या भाड्याच्या खोल्यांतून येतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली कुटुंबं. आई-वडील दोघंही कंपनीत, बहुतेक ठेकेदाराकडे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते आणि घराचं वेळापत्रकही. वडील थर्ड शिफ्ट करून झोपलेले असताना धाकट्यांना गप्प ठेवणं, पाण्याची वेळ सांभाळणं, डबा भरणं हे सगळं पंधरा वर्षांचं पोर करतं. एखाद्या सुपरवायझरइतकीच ही जबाबदारी. शाळेला त्यातलं दिसतं एवढंच, की गृहपाठ अपुरा आहे.

गेल्या वर्षी पालकसभेत मी एकच प्रश्न विचारला: तुम्ही कामावर गेलात की खोलीची किल्ली कोणाकडे असते? पुस्तकी प्रश्न नव्हता, म्हणून बायका मोकळेपणी बोलल्या. एकाच चाळीतल्या चौघींनी माझ्या वर्गातल्या एकाच मुलीचं नाव घेतलं. गॅस संपला, पोर पडलं, कुणाचा पगार घरात ठेवायचा आहे, सगळं तिच्याकडे. दोन शेजारणींचं भांडण झालं, तरी दोघींच्याही किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या. एक आई म्हणाली, ‘‘बाई, ती इकडचं तिकडे करत नाय.’’

इतक्या नेमक्या शब्दांत चारित्र्याचं वर्णन मी कुठल्याच शिफारसपत्रात वाचलेलं नाही. विश्वास टाकणाऱ्या बायका तिच्याहून वयाने दुप्पट, आणि भाषाही वेगवेगळ्या. त्यांना ना गुणपत्रिका लागली, ना मुलाखत. रोज बघत होत्या, तेवढं पुरलं.

घरी येऊन मी तिचं प्रगतिपुस्तक काढलं. शेऱ्याच्या रकान्यात तीन सत्रं माझ्याच अक्षरात एकच ओळ होती: शांत स्वभाव, वर्गात सहभाग कमी.