कच्च्यातले खेळाडू, पक्के दाखले

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक बाजारात वाढलेल्या माणसाला 'कच्चं' आणि 'पक्कं' यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पक्कं बिल सरकारला दाखवायचं. कच्ची चिठ्ठी दोघांतच राहते, आणि ती शब्दावर चालते. सगळेच तसा धंदा करतात असं नाही, पण चिठ्ठी बुडवणाऱ्याला पुढच्या सीझनला उधारीवर माल मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बेकायदा व्यवहारालाही स्वतःची एक इमानदारी लागते.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळात हाच कच्चा व्यवहार जवळपास शंभर वर्षं चालला. तिथल्या कॉलेज-फुटबॉलची कल्पना आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवरून येणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका सामन्याला लाखाहून अधिक माणसं बसतात. तिकिटं, टीव्हीचे हक्क, जाहिराती यांतून विद्यापीठं अमाप कमावतात. मैदानावरच्या पोराला मात्र फी माफ, राहणं-जेवण, आणि वर 'हौशी खेळाडू' ही पदवी. एनसीएए ही तिथली नियामक संस्था त्याला एक दमडीही घेऊ देत नसे. मग जे व्हायचं तेच झालं. विद्यापीठाचे धनिक माजी विद्यार्थी चांगल्या खेळाडूच्या घरी पाकीट पोचवू लागले. कुणाला गाडी, कुणाच्या बापाला नोकरी, कुणाच्या आईचं घरभाडं. कार्नेगी फाउंडेशनने १९२९ मध्येच एक जाडजूड अहवाल काढून हे सगळं चव्हाट्यावर आणलं होतं. फरक काही पडला नाही.

यातलं डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं प्रकरण गांधीबागेच्या माणसाला चटकन कळेल. तिथे खेळाडूंना दरमहा रोख रक्कम दिली जात होती. शिक्षा होऊनही ती थांबली नाही, म्हणून १९८७ मध्ये एनसीएएने त्यांचा फुटबॉलचा अख्खा हंगामच रद्द केला. नंतर टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं, की आपण विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख असताना हे पैसे चालू ठेवायला संमती दिली होती. कारण काय, तर पोरांना शब्द दिला होता. ती पोरं बाहेर पडेपर्यंत तो पाळायचा आणि मग बंद करायचं. नियम मोडला, पण चिठ्ठी बुडवली नाही!

हे वाचून आपल्याकडचा माणूस म्हणतो, आपल्याकडेही असंच चालतं. मला ते पटत नाही. आपल्याकडे पैसा उलट्या दिशेने वाहतो, आणि सगळा फरक त्या दिशेत आहे.

महाराष्ट्रात सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. २००५ च्या शासन निर्णयाने ते आलं, पुढे त्याच्या अटी बदलत गेल्या. कल्पना चांगलीच होती. नोकरीच्या आधाराशिवाय आपल्याकडे खेळ टिकत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा नेमबाज स्वप्नील कुसळे तोवर रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याआधीच्या पिढ्यांत तेच काम खासगी कंपन्यांनी केलं. गावसकर निरलॉनमध्ये होते. हजेरीपटावर नाव, दुपारनंतर नेटमध्ये सराव, आणि पगार पूर्ण. कडक भाषेत बोलायचं तर हाही छुपा मोबदलाच. पण तो कुणाला खुपला नाही, कारण त्या पगारामागचा खेळ मैदानावर सगळ्यांना दिसत होता.

पाच टक्क्यांच्या राखीव जागांनी मात्र बाजारात एक नवी वस्तू आणली: दाखला. जाड कागद, सोनेरी किनार, वर संघटनेचं बोधचिन्ह, खाली सचिवाची सही, मधे ठिपक्यांच्या रेघेवर शाईने भरलेलं नाव आणि 'द्वितीय क्रमांक'. त्यावर विभागीय क्रीडा उपसंचालकाचा पडताळणी अहवाल जोडला, की तलाठ्यापासून फौजदारापर्यंतच्या रांगेत आपण खेळाडू म्हणून उभे राहतो. यात महाग काय आहे? खेळ नव्हे, कागद. म्हणून पैसा खेळाडूकडे जात नाही. जो कधी खेळलाच नाही, त्याच्याकडून तो निघतो आणि कागद देणाऱ्याकडे जातो.

दोन हजार वीसनंतर राज्यात उघडकीला आलेली प्रकरणं हीच होती. ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग या खेळांचे खोटे दाखले, त्यावर लागलेल्या नोकऱ्या. औरंगाबादेत गाजलं, आपल्या नागपुरातही गाजलं. मानकापूरला गुन्हा दाखल झाला आणि अटक झाली ती क्रीडा खात्यातल्याच अधिकाऱ्यांना. मानकापूर म्हणजे जिथे विभागीय क्रीडा संकुल आहे, तेच.

ट्रॅम्पोलिनच का? ट्रॅम्पोलिन हा खरा खेळ आहे, २००० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि त्यात घाम गाळणाऱ्या पोरापोरींची या भानगडीत नाहक बदनामी झाली. पण त्याला आपल्याकडे प्रेक्षक नाही. विदर्भातल्या गावात ५५ किलो वजनगटाची कबड्डी असली, तर रात्री बारापर्यंत अख्खं गाव मैदानाभोवती बसतं. बाहेरून पैसे देऊन रेडर आणला असेल तर तेही गावाला ठाऊक असतं, आणि तो वजनकाट्यावर उभा राहतानाच त्यावरून भांडण जुंपतं. नागपुरात चिटणीस पार्कच्या मैदानाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला 'मी राज्य पातळीवर कबड्डी खेळलो' अशी थाप पचणार नाही; 'कोणत्या मंडळाकडून? लेफ्ट कॉर्नरला कोण होता?' असे दोन प्रश्न कुणीतरी विचारेलच. ट्रॅम्पोलिनबद्दल असा प्रश्न विचारणारा पानठेल्यावर कुणी नाही.

अमेरिकेतही याच जातीचं एक प्रकरण झालं, आणि त्यातही हीच खूण सापडते. २०१९ मध्ये रिक सिंगर नावाच्या प्रवेश-सल्लागाराचं बिंग फुटलं. श्रीमंतांच्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवून तो येल, जॉर्जटाउन, सदर्न कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांत शिरवत असे, आणि त्यासाठी प्रशिक्षकांना पैसे चारत असे. कोणते खेळ निवडले? बहुतेक वॉटर पोलो, नौकानयन, टेनिस असे. एका बापाने तर पोरासाठी वॉटर पोलोचं सामान ऑनलाइन मागवलं, घरच्या तलावात त्याचा फोटो काढला आणि ग्राफिक डिझायनरकडून तो नीट करून घेतला. फुटबॉलचा खेळाडू म्हणूनही एखाददुसरा पोरगा सिंगरने कागदावर दाखवला, पण लाखभर माणसांसमोर त्याला मैदानात उतरवायची हिंमत केली नाही. २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे एकाच देशात, विद्यापीठांच्याच आवारात दोन्ही व्यवहार सुखाने नांदत होते. गर्दीच्या खेळात खऱ्या खेळाडूला चोरून पैसे, आणि बहुतेक रिकाम्या गॅलरीच्या खेळात खोट्या खेळाडूकडून चोरून पैसे.

पहिल्या व्यवहाराचं पुढे काय झालं? तो हळूहळू पक्क्यात आला. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला, पाठोपाठ जुलैत खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली, आणि २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. आता त्या मर्यादेच्या वर कसं द्यायचं याच्या वाटा शोधणं चालू आहेच. जिथे मर्यादा, तिथे चिठ्ठी. तरी मूळ पाप धुतलं गेलं. आपल्या विदर्भ क्रिकेटच्या जामठ्यालाही हे नवं नाही. वसीम जाफर मुंबईहून विदर्भाकडे आला, करुण नायर कर्नाटकातून आला, व्यावसायिक म्हणून, करार करून, क्रिकेट मंडळाच्या नियमात राहून. विदर्भाने रणजी जिंकली आणि बाहेरचा माणूस आणला म्हणून कुणी बोट दाखवलं नाही.

आपला व्यवहार मात्र असा पक्क्यात आणता येत नाही. खऱ्या खेळाडूला उघड पैसे द्या म्हणता येतं. खोट्या दाखल्याची उघड विक्री करा असं कोण म्हणणार? म्हणून अमेरिकेचं औषध इथे लागू नाही, आणि 'तिकडेही चालतं' हे समाधानही खोटं. डॅलसच्या पोराने पैसे घेतले तरी चेंडू घेऊन तोच धावला. इथे जो धावला त्याचंच नाव यादीतून गेलं.

क्रीडा खात्याने यावर शोधलेला उपाय म्हणजे आणखी पडताळणी, आणखी शिक्के. पडताळणी करणारं टेबलच विकलं जात असेल, तर शिक्के वाढवून दर वाढतो, एवढंच. मला वाटतं, शिक्क्यांपेक्षा डोळे वाढवायला हवेत. ज्या स्पर्धेच्या दाखल्यावर नोकरी मिळते, तिथले संघ, खेळाडूंची नावं आणि निकाल त्याच संध्याकाळी सार्वजनिक व्हावेत, सामन्यांचं चित्रीकरण कुणालाही बघता यावं. हरलेल्या संघातली पोरंच मग फुकटात पडताळणी करतील. काही वर्षांनंतर मागच्या तारखेची स्पर्धा कागदावर उभी करणं हा या धंद्याचा कणा आहे, तो त्यामुळे मोडेल. संघटनांच्या सचिवांना हे आवडणार नाही. त्यांच्यातले प्रामाणिक लोक म्हणतील, आमच्याकडे पंचांच्या चहाला पैसे नाहीत, कॅमेरा कुठून आणू? त्यांचं खरं आहे. पण प्रत्येक पोराच्या खिशात मोबाइल असताना ही अडचण फार मोठी राहत नाही.

दाखला विकत घेणारा नेहमीच पैसेवाल्याचा पोरगा असतो असंही नाही. एकेका पदासाठी हजारोंची गर्दी, अभ्यासिकेत गेलेली पाच-सहा वर्षं, घरून रोजचा तगादा. अशा वेळी 'दोन लाखांत काम होतं' म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. बापाने शेताचा तुकडा विकून ते दोन लाख उभे केलेले असतात. २०२२ मध्ये क्रीडा खात्यानेच आवाहन केलं होतं, की खोटे दाखले आपणहून परत करा, फौजदारी टळेल. मला ते सौम्य वाटलं, पण पूर्ण चूक वाटलं नाही. माझी हरकत वेगळी आहे. दाखला परत करण्याची सोय झाली, जागा परत करण्याची नाही. भरतीची प्रतीक्षा यादी साधारण वर्षभरात संपते. खेळाडूला वयात पाच वर्षांची सवलत आहे, पण प्रकरण उघडकीला येऊन चौकशी होईपर्यंत तीही निघून जाते. खोटा दाखला परत आला त्या दिवशी त्या यादीतलं पुढचं नाव कुणाचं होतं, हे भरती करणाऱ्या खात्याच्या फायलीत आजही असेल. त्या माणसाला बोलावून घेण्याची तरतूद त्या आवाहनात नव्हती.