दैव पाचवे

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून दगावली, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. अशा घरी सांत्वनाला गेलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही, तेव्हा तो दैवाचे नाव घेतो.

सांत्वन म्हणून ते ठीक. कारण म्हणून मात्र ते तपासून घ्यायला हवे, आणि त्यासाठी परंपरेबाहेर जावे लागत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही. ते पाचवे आहे. जागा, माणूस, साधने आणि प्रयत्न ही आधीची चार पुरी केल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवायचा अधिकार कोणाला पोहोचतो?

आगीच्या पाण्याचा हिशेब हा या चौघांचाच हिशेब आहे. पन्नास हजारांहून मोठ्या गावांसाठी केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत एक सूत्र आहे. हजारांत मांडलेल्या लोकसंख्येचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला १०० ने गुणायचे. उत्तर घनमीटरमध्ये येते. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची वस्ती ९२ हजारांच्या आसपास होती. त्या मापाने आगीसाठी साधारण साडेनऊ लाख लिटर पाणी राखायला हवे.

एकाच आवारात चार-पाच इमारती असलेल्या गृहसंकुलात विचार आणखी बारीक होतो. तिथे सगळ्या इमारतींच्या गरजांची बेरीज सहसा करत नाहीत. एका वेळी एकाच इमारतीला आग लागेल असे धरतात आणि उंची, क्षेत्रफळ, बांधकाम, वापर पाहून जिची गरज सर्वांत मोठी, तिच्यावरून सामाईक टाकी ठरवतात. इमारती एकमेकींना खेटून असतील तर हे गृहीतकच ढासळते.

या गणितात एक नीती आहे. खर्च सगळ्यांचा, माप सर्वांत धोक्यात असलेल्याचे, आणि ते पाणी उद्या कोणाच्या कामी येईल हे कोणालाच ठाऊक नाही.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर इथला धान पिकला; त्यांतल्या कित्येकांना लोक आजही मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. धर्मशास्त्राने यज्ञाला इष्ट म्हटले, तर विहिरी-तलाव खोदण्याला पूर्त म्हणून पुण्यकर्मांत स्थान दिले. पण तलावाचे फळ दर हंगामात शेतात दिसते. आगीची टाकी वर्षानुवर्षे नुसती भरून असते, आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या रहिवाशांचे लक्ष तिच्याकडे जाते. म्हणून चांगल्या रचनेत पाणी आधी आगीच्या टाकीत पडते. ती भरली की वरून वाहणारे पाणी वापराच्या टाकीत जाते. पाणी शिळे होत नाही आणि राखीव साठ्याला हातही लागत नाही.

अर्थात गुदमरलेल्या त्या सात बाळांना नुसत्या पाण्याने वाचवता आले नसते. तिथे हवा होता धूर ओळखणारा गजर, धुराला बाहेर काढणारी वाट आणि कक्षात जागता माणूस. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत, असे वर्षातून दोनदा द्यावे लागते. त्यावर सही करण्याआधी पंप सुरू करणे, सर्वांत वरच्या मजल्यावर पाण्याला दाब येतो का ते पाहणे आणि गजर वाजवून बघणे हे सारे गीतेने सांगितलेल्या चौथ्या कारणात मोडते.