पायाचा भाता

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी गुपचुपच्या गाड्यांपाशी कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी होते. त्यात एक मुलगी होती, जपानी ॲनिमेशनची, म्हणजे ॲनिमेची वेडी. तिला सगळे ॲनिमेवालीच म्हणत. कोणी विचारायचा अवकाश, तिची यादी सुरू. पहिलं नाव 'अटॅक ऑन टायटन', दुसरं 'वन पीस', मग बाकीची. यादी सगळ्यांना एकच.

तिची एक मैत्रीण नर्सिंग शिकत होती. दिवसभर वॉर्डात जखमा बांधून ती रात्री 'अटॅक ऑन टायटन' बघायला बसली. पहिल्याच भागात एका मुलाच्या डोळ्यांदेखत राक्षस त्याच्या आईला खातो. तिने तिथेच मोबाइल बंद केला. दुसऱ्या एकाने 'वन पीस' धरलं. १९९९ पासून चालू असलेली, हजाराहून अधिक भागांची ही मालिका. "सुरुवातीचं सोस, पुढे खरी मजा आहे," असं त्याला सांगितलेलं. पुढच्या मजेसाठी नवख्या माणसाला इतकं राबवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यानेही सोडलं.

मुलगी घरी आली ती तोंड पाडून. या गोष्टींवर तिचा खरोखर जीव होता, आणि जीव असलेली गोष्ट दुसऱ्याने बाजूला सारली की लागतंच.

आजोबा सोफ्यावर बसले होते. १९७१ साली, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोंदियाहून ते भिलाईला आले आणि सगळी नोकरी इथल्या पोलाद प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसवर काढली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू त्यांना आधी काय विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्यात भारी होतं तेच सांगितलं."

"आमच्याकडे नवा पोरगा आला का, मी त्याले पहिल्या दिवशी टॅप होलसमोर नव्हतो उभा करत. तिथून वितळलेलं लोखंड वाहताना दिसते तसं दुसरं काही नाही जगात. पण नवा माणूस त्या झळेनंच पळून जाते. मी विचारायचो, बाबू, घरी काय करत होता? वीटभट्टीवरचा असला तर त्याले आगीचा रंग कळते. त्याले मी ट्यूयरच्या, म्हणजे भट्टीत हवा फुंकणाऱ्या नळीच्या काचेतून आत डोकावाले लावायचो. शेतकऱ्याच्या पोराले मालाची पारख असते, त्याले आधी खनिज अन कोक दाखवाले न्यायचो. टॅप होलसमोर सगळेच आले, पण आपापल्या वाटेनं."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मला तर बाई तुझं ते ॲनिमे कधी कळलंच नाही."

मुलगी उत्तर देणार होती, थांबली. मग तिने विचारलं, "आई, लहानपणी रविवारी सकाळी तू टीव्हीवर काय बघायचीस?"

"मोगली! चुकवायचोच नाही आम्ही. सिवनीचं जंगल म्हणजे तेव्हा आपल्याच मध्य प्रदेशातलं ना. आणि शेरखानला नानाचा आवाज."

तो मोगली जपानचा. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेला, दूरदर्शनने हिंदीत दाखवलेला, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे आई ॲनिमेची तीस वर्षांपूर्वीची प्रेक्षक होती, आणि घरातल्या ॲनिमेवालीने तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

त्या रविवारी मुलीने आजोबांसाठी 'प्रिन्सेस मोनोनोके' लावला, हायाओ मियाझाकींचा १९९७ चा. "यात हात तुटतात आजोबा, चालेल ना?" हेही आधीच विचारून घेतलं. आजोबा बराच वेळ नुसते बघत होते. मग लोखंड गाळणाऱ्या वस्तीचा प्रसंग आला. भल्या मोठ्या फळीवर बाया ओळीने उभ्या, दोरांना धरून, गाणं म्हणत फळी पायाने दाबतायत. एक बाजू खाली, दुसरी वर, आणि हवा भट्टीत.

आजोबा पुढे सरकले. "थांब, थांब. मागे घे."

तिने मागे घेतलं. त्यांनी पुन्हा बघितलं, पुन्हा मागे घ्यायला लावलं.

"हा तर पायाचा भाता! आपल्या इकडचे अगरिया असंच लोखंड गाळत. लाकडाच्या खोलगट भांड्यावर कातडं ताणलेलं, ते वर ओढाले बांबू, अन माणूस एकेक पाय दाबत उभा. प्लांट यायच्या कितीतरी आधी." या अगरियांवर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आजोबांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांच्या लक्षात राहिला होता तो भाता.

त्या वस्तीची मालकीण एबोशी. कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायांना आणि महारोग्यांना ती काम देते, मानाने वागवते. आणि लोखंडासाठी रान तोडते. तिच्या वस्तीतली लोखंडी गोळी पोटात रुतलेलं रानडुक्कर चिडून पिसाट झालेलं असतं.

चित्रपट संपला तरी आजोबा उठले नाहीत. "दल्ली-राजहराचे डोंगर पोखरूनच आमच्या भट्टीत माल यायचा. त्याच्यावर तुझा बाप शिकला. या बाईले वाईट कसं म्हणू? अन त्या डुकराले तरी कसं म्हणू?" मग दोघं त्यावर भांडले. आजोबा एबोशीच्या बाजूने, नात रानाच्या बाजूने, आणि अर्ध्या तासाने दोघांच्या बाजू उलट झाल्या होत्या.

दोन दिवसांनी आजोबा तिला घेऊन सिविक सेंटरला फिरायला आले. नेहरू आर्ट गॅलरीच्या बाजूला त्यांचे निवृत्त सोबती बसले होते. आजोबा भात्याचंच सांगत सुटले. बालाघाटकडचे एक गृहस्थ म्हणाले, "मलाही सांग ना एखादं." त्यांची नोकरी उद्यान विभागात गेलेली, टाउनशिपमध्ये झाडं लावण्यात.

"तुले लोखंडाचं नको," आजोबा म्हणाले. "पोरी, ते झाडवालं कोणतं?"

१९८८ चा 'माय नेबर टोटोरो'. त्यात घराशेजारी कापराचं प्रचंड झाड आहे, आणि दोन बहिणींनी पेरलेल्या बिया एका रात्रीत आभाळाला भिडतात. नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या मुलींची आई सगळा चित्रपटभर दवाखान्यात असते.

"आजींची तब्येत आता कशी आहे?" तिने त्या गृहस्थांना विचारलं.

"बरी आहे. परवाच घरी आणलं."

"मग सांगते. पण एकटे नका बघू, आजींनाही सोबत घ्या."