तोंड उघडायला काय झालं?

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये झाला. शाळा सुटली म्हणजे मास्तरांच्या तावडीतूनही सुटलो, असं ज्यांना वाटलं त्यांनी पुढं यावं आणि सरळ उभं राहावं. अकरावीवाल्यांनीही. बसस्टँडजवळ रोज संध्याकाळी तुमची जी बैठक भरते, तिथला ठराव माझ्या कानावर आला आहे : ‘आखाडा बाळापुरात कामच नाही.’ एकमतानं मंजूर झाला म्हणे. मला एवढंच सांगा, कोणाकोणाला विचारलंत?

खाली काय बघता? कुठल्या दुकानाची पायरी चढलात, कुठल्या शेतकऱ्याला ‘मामा, काम आहे का’ म्हणालात, त्याचं नाव सांगा. एकही नाव नाही. रिचार्जला पैसे मागताना तोंड उघडतं. क्रिकेटात पंचाशी भांडताना तर ते मिटतच नाही. काम मागायची वेळ आली की दातखीळ बसते. काम मिळालं नाही हे सांगायचा हक्क मागून आलेल्याला असतो. तुम्ही मागितलंच नाही.

हिंगोली जिल्ह्यात राहून उन्हाळ्यात काम नाही म्हणणाऱ्यानं आधी शिवारात एक चक्कर मारावी. फेब्रुवारीपासून हळद निघते. काढणी, वेचणी, शिजवणं, उन्हात पसरून दहा-पंधरा दिवस वाळवणं, मग ढोलात पॉलिश, मग गड्डे वेगळे आणि हळकुंडं वेगळी. ढग दिसले की वाळत घातलेली हळद गोळा करून झाकायला माणसं शोधत शेतकरी गावभर फिरतो आणि तुम्ही त्याच्या समोरून मोटारसायकल काढता! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा स्टेटस तुम्ही ठेवला होता. त्या हळदीचं एक पोतं शिवायला कोणी गेला होता का?

हळद नको, अंग पिवळं होतं? बरं. मेमध्ये निकाल लागला की सेवा केंद्रांपुढं दाखल्यांसाठी रांगा लागतात, तिथं अर्ज नीट भरून देणारा पोरगा हवा असतो. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रांत बियाण्याच्या पिशव्या मोजायला माणूस लागतो. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानात हात कमी पडतात. किराणा आहे, झेरॉक्स आहे, रसवंती आहे. पण तिथं ओळखीचं कोणी बघेल, ही तुमची खरी अडचण. पुण्यात जाऊन तेच काम करायला तुम्ही तयार आहात, कारण तिथं कोणी ओळखत नाही. म्हणजे लाज कामाची नाही, बघणाऱ्यांची आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांचा अभंग म्हणताना टाळ्या वाजवता. ते शिंप्याच्या घरचे होते, हे कधी ध्यानात घेतलंत का?

कर्मवीर भाऊराव पाटलांवर दहा गुणांचा निबंध तुम्ही लिहिला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं वसतिगृह, कमवा आणि शिका, सगळं मुखपाठ. त्या वसतिगृहातली पोरं आपला स्वयंपाक आपण करत, शेतात राबत आणि त्याच हातांनी पुस्तक धरत. गुण मिळाले आणि कर्मवीर वहीत राहिले.

आता जे कामाला लागलेत त्यांनी हसू नये. तुमची पाळी आहे. रोज किती ठरला? ‘मालक देतील ते.’ किती वाजता सुटायचं? ‘काम संपल्यावर.’ हे काम मागणं झालं का? अर्धं तोंड उघडून पुन्हा मिटलंत! कामाला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या : काम काय, वेळ कोणती, पैसे किती आणि कधी. घरी येऊन तारखेसकट वहीत लिहायचं. विचारल्यावर जो मालक चिडतो, त्याच्याकडं राबायचं नाही.

आणि कायदा ऐका, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. बालकामगारांचा कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठंही कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावता येतो, तोही धोक्याचं काम नसेल तरच. तेव्हा सातवीतल्या भावाला ‘चल, तुलाही पैसे मिळतील’ म्हणून सोबत नेऊ नका. चौदा ते अठरा वयाच्यांना काम करता येतं, पण धोक्याच्या कामावर बंदी आहे. सलग तीन तासांच्या पुढं काम नाही, मग निदान एक तास विश्रांती. विश्रांती आणि ताटकळणं धरून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, जादा तास नाहीत, आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे रात्रीच्या लग्नात बारापर्यंत पंगती वाढायच्या, हे तुमच्या वयाला बसत नाही. हळद शिजवायच्या बॉयलरजवळ तर फिरकायचंच नाही. वाफ तुमचं वय विचारत नाही.

गाडीवरून डबे, पार्सल पोचवायचं काम घेतलेले कोण? लायसन्स दाखव. नाही ना? अठराच्या आतला पोरगा गाडी चालवताना गुन्ह्यात सापडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. तुझ्या उन्हाळ्याच्या कमाईत बापाची कोर्टाची तारीख बसते का, याचा हिशोब कर.

घरबसल्या कमाईवाले आता बोला. व्हिडिओला लाइक करा, दिवसाला हजार मिळवा. आधी शंभर देतात, मग नोंदणीचे पैसे मागतात, मग गायब. काम देणारा तुमच्याकडून पैसे मागत असेल, तर तिथं काम नाही, तुम्ही गिऱ्हाईक आहात. ‘तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणणारा तर चोरीचा पैसा तुमच्या नावावरून फिरवतो आणि पोलीस येतात ते तुमच्या दारी. फसलात तर लपवू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. तिथं तरी तोंड उघडा.

मुलींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी आईबरोबर हळद वेचायला जाऊन आल्या, वर घरची भाकरीही थापली. तुमच्या कष्टाला बोट लावायची माझी हिंमत नाही. पण पैसे आईच्या हातात एकत्र पडले आणि त्यात माझे किती, हे तुम्ही विचारलं नाही. विचारा. दहा वर्षांवरच्या मुलाला आपल्या नावावर बचत खातं उघडून ते स्वतः चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली आहे. घरात द्यायचे ते जरूर द्या. आपण किती कमावले, हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

पालकांनाही एक सांगतो. पोरगं कामाला गेलं म्हणून ‘आता शाळेचं काय एवढं’ असं मनात आणाल, तर माझी गाठ तुमच्याशी आहे. हे काम जूनच्या घंटेपर्यंतचं. घंटा झाल्यावर पोरगं वर्गात दिसलं नाही, तर मी त्याच्या मालकाकडं जाणार नाही, तुमच्या ओट्यावर येऊन बसेन.

बस झालं. उद्या सकाळी आठनंतर प्रत्येकानं पाच ठिकाणी जाऊन काम मागायचं, एकट्यानं, घोळका करून नाही. पायातली चप्पल बाहेर, मोबाइल खिशात, नाव आणि वर्ग सांगायचा, मग काम, वेळ, पैसे विचारायचे. पाचही ठिकाणी नाही म्हणाले, तर संध्याकाळी माझ्याकडं या, सहाव्या ठिकाणी मी सोबत येतो. पण पाच नावं वहीत लिहिलेली नसतील, तर बाळापुरात काम नाही हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारायचं नाही.