बागेवरचा हक्क सोडताना

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. ज्या घरात पाहुणा आला की मुलांना वह्या-पुस्तके उचलून जिन्यात बसावे लागते, त्या घरावरचा भार उतरला हे चांगलेच झाले. पण सार्वजनिक बागेची सर्वांत जास्त गरजही याच घरांना आहे. अंगण नाही आणि गच्चीला कुलूप, म्हणून कोपऱ्यावरची बाग हेच त्यांचे अंगण. मग कर वाढवायचा नाही आणि बागा, मैदाने, व्यायामशाळा तर हव्यात, तर पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. माझ्या मते तो आधी धर्माचा आहे. देणगीदार, कंपन्या, बिल्डर, तिकीट, दत्तक योजना असे मार्ग पुष्कळ आहेत. त्यांतला कोणता धरावा, हे रकमेवरून ठरवू नये. पैसा देणारा त्या जागेवरचा आपला हक्क सोडतो का, हे आधी पाहावे.

धर्मशास्त्राने यासाठी नेमका शब्द दिला आहे. यज्ञयाग म्हणजे ‘इष्ट’. विहिरी, तळी, देवळे, अन्नदान आणि बागा म्हणजे ‘पूर्त’. वैदिक इष्टाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्त मात्र स्त्रियांना आणि शूद्रांनाही खुले होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात दान आणि उत्सर्ग यांतला भेद उलगडून दाखवला आहे. दानात वस्तू एकाच्या हातून सुटते आणि दुसऱ्याच्या मालकीची होते. उत्सर्गातही देणाऱ्याची मालकी सुटते, पण वस्तू कोणा एकाकडे जात नाही. ती सर्व जीवांसाठी सोडलेली असते. म्हणून तळे खोदणाऱ्याला त्या तळ्याचे पाणी पिता येते, मात्र चारचौघांतला एक म्हणून. हा निकष आजही चालतो. एखाद्या कंपनीने आपल्या सामाजिक दायित्व निधीतून बाग केली, बाकावर नाव कोरले, तिचे कर्मचारी दुपारी तिथे डबा उघडून बसले, तर उत्सर्गाला बाध येत नाही. पण कंपनीच्या समारंभासाठी रविवारी फाटक बंद झाले, की तिथे सौदा सुरू झाला असे समजावे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. देणगी एकदाच मिळते, झाडांना पाणी रोज लागते. तेव्हा पुण्याच्या भरवशावर माळ्याचा पगार कसा निघणार? याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तिथे लेणे खोदवले. बागा, तळी, विहिरी केल्याचा आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा उल्लेख त्याच्या लेखांत आहे. लेण्यातल्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण नाण्यांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. ही ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, होती. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. पावसाळ्यात एका जागी मुक्काम करणाऱ्या, म्हणजे वर्षावासातल्या, वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२, तेही २४०च. दात्याने दानाबरोबर निगेचाही हिशेब पै-पैपर्यंत बसवला होता. आपल्याकडे उद्घाटनाची कोनशिला बसते आणि पुढल्या पावसाळ्यात झोपाळ्याची साखळी तुटते, कारण ही गंगाजळी कोणी ठेवलेली नसते. बागेसाठी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या रकमेचा ठरावीक हिस्सा न मोडता येणाऱ्या ठेवीत गेलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘सर्व जीवांसाठी’ म्हणणाऱ्या याच समाजात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना बंद होते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तिथे सत्याग्रह करावा लागला. तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधक कोर्टात गेले. तो दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. यातून मी दोन गोष्टी घेतो. पुण्याची भाषा एकटी पुरत नाही. तिच्यामागे कायदा आणि जागरूक नागरिक लागतात. आणि लोकांना दूर ठेवू पाहणारा माणूस आधी मालकी सांगतो. म्हणूनच मालकीचा प्रश्न मी पैशाच्या आधी ठेवतो.

मालकी सांगून लोकांना दूर ठेवणे मुंबईने पुन्हा अनुभवले आहे. देखभालीसाठी संस्थांना दिलेल्या काही मोकळ्या जागांवर सभासदांचे क्लब उभे राहिले. त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने अशा जागा संस्थांना सांभाळायला देण्याचे नवे दत्तक धोरण मंजूर करताच नागरिकांनी विरोध केला आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. तिकिटाबाबतही जपून पावले टाकावीत. राणीच्या बागेचे, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाचे, तिकीट २०१७ मध्ये मोठ्यांसाठी ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, चौघांच्या कुटुंबाला १००. प्राणिसंग्रहालय कधीतरी पाहायचे असते, तिथे हे एक वेळ समजू शकते; रोजच्या बागेला असा दर लावला तर सर्वांत लहान घरातली मुले फाटकाबाहेर राहतील. कोणी म्हणेल, मोबदल्याशिवाय देणार कोण? पण बागेमुळे शेजारच्या घरांची किंमत वाढते, दुकानांची गिऱ्हाइके वाढतात, तिथल्या माणसांना सावली मिळते. उत्सर्ग करणाऱ्याला हा लाभ मिळतोच, फक्त तो सर्वांबरोबर मिळतो. तेवढ्यावर समाधान नसणाऱ्याने जरूर धंदा करावा, पण तो बागेच्या जमिनीवर करू नये. आणि कर हाच सर्वांत न्याय्य मार्ग, असे म्हणणाऱ्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे: आज बागांवर होणारा खर्च बाहेरचा पैसा आला म्हणून कमी होता कामा नये.

तेव्हा बागेसाठी पैसा घेताना करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जागा कायम लोकांची राहील, निगेसाठी मुद्दल अबाधित राहील, आणि फाटकाशी कोणालाही ‘तू कोण’ असे विचारले जाणार नाही. हे कबूल करणाऱ्याचे नाव बाकावर खुशाल कोरावे. त्या बाकावर दमून टेकणाऱ्याला ते वाचता आले नाही, तरी देणाऱ्याचे पुण्य उणावत नाही.